अण्णांना ‘नाही’ कसं म्हणू?

पत्राचा सारांश

सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत मी नऊ वर्षं नेपथ्य आणि बॅकस्टेज सांभाळतो. वय ३१. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी तालीम. मागच्या मोसमात आमच्या स्पर्धेच्या प्रयोगात एक १९ वर्षांचा मुलगा ब्लॅकआऊटमध्ये एक्झिट घेताना साडेतीन फुटांच्या लेव्हलवरून (सेटमधल्या उंच चौथऱ्यावरून) पडला. मनगट मोडलं. सेट मीच लावला होता. विंग अरुंद पडली म्हणून लेव्हलचा जिना सकाळी दीड फूट आत सरकवला होता. प्रयोग थांबवला नाही. उरलेला अंक तो हाताला रुमाल बांधून खेळला, सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी आईला ‘गाडीवरून घसरला’ असं सांगायचं ठरलं. आता नव्या नाटकात आमच्या दिग्दर्शकांना (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ७ फुटांची गच्ची हवी आहे. नायिका गच्चीवरून पाठमोरी खाली पडणार, त्याच क्षणी ब्लॅकआऊट, खाली गाद्या. काम करणारी मुलगीही १९ वर्षांचीच आणि एका पायावर तयार. मी शंका काढली तर अण्णा म्हणाले, ‘नाटक करायचं म्हणजे एवढं चालायचंच. भीती वाटत असेल तर तिकीट काढून समोर बस.’ अण्णांनी मला हाताला धरून हे काम शिकवलं. संस्था सोडवत नाही आणि तोंडही उघडवत नाही. मी घाबरट झालोय का?

उत्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त पोखरतोय. नाही, तुम्ही घाबरट झालेला नाही. नऊ वर्षं ज्याने शिडीवर चढून पडदे बांधले, अंधारात बदल केले, त्याला ७ फूट म्हणजे किती हे हातांनी कळतं. बाकीच्यांना तो आकडा कागदावर दिसतो. तुमच्या पोटात गोळा येतो तो या जाणकारीमुळे. अण्णांनीच ती तुम्हाला दिली आहे, हे त्यांच्याशी बोलताना विसरू नका.

आता त्या मुलाच्या पडण्याकडे एकदा नीट बघू. ‘अंधारात पडला’ असं तुम्ही लिहिता, पण अंधार तर रोजच्या तालमीतही होता. तालमी शाळेच्या नाहीतर कार्यालयाच्या हॉलमध्ये, फरशीवर खडूने सेट आखून झाल्या असणार. महिनाभर तो त्याच रेघांवरून एक्झिट घेत होता. ब्लॅकआऊटमध्ये नट डोळ्यांनी चालत नाही, पायांना पाठ झालेल्या वाटेने चालतो. त्याचे पाय बरोबर तिथेच गेले जिथे महिनाभर जिना होता. त्या दिवशी जिना दीड फूट पलीकडे होता. पोरगं चुकलं नाही. वाट हलली आणि त्याच्या पायांना कुणी ते सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, हेही मला कळतं. स्पर्धेच्या दिवशी थिएटर हातात आलं की घड्याळ पळायला लागतं. सेट उभा व्हायचा असतो, लाइटवाले दिवे टांगायचे बार खाली घेऊन बसलेले असतात, कपडेपट अडलेला असतो, तेवढ्यात कुणीतरी वडापाव आणतो, आणि बघता बघता पहिली घंटा होते. जिना सरकवताना ‘पोरांना एकदा वरून चालवून घेऊ’ असं तुमच्या मनात नक्की येऊन गेलं असेल. पण ‘पाच मिनिटं सगळं थांबवा, मला नटांना चालवायचंय’ असं म्हणायचं काम तुमच्या संस्थेत कुणाचंच नाही. नेपथ्य तुमचं, प्रकाश दुसऱ्याचा, संगीत तिसऱ्याचं आणि सगळ्यांच्या वर अण्णा. अण्णांचं लक्ष नाटकावर, आणि ते तिथेच असायला हवं. म्हणून दोष तुमचा की अण्णांचा या वादात मी पडत नाही. ‘थांबा’ म्हणायचा हक्क त्या दिवशी कुणालाच दिलेला नव्हता, आणि नव्या नाटकात तो एका माणसाला मिळवून द्यायचा आहे. तो माणूस तुम्ही.

‘चालायचंच’ या शब्दाबद्दल थोडं. आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. तेव्हा वीज नव्हती, उघड्या ज्योतीच्या उजेडातच खेळ व्हायचा. त्या लोकांपुढे जोखमीशिवाय दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करताना आपण नाट्यपंढरीचा वारसा सांगतो, आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण मनगट मोडणं हा त्या वारशाचा भाग धरायला मी तयार नाही. थिएटरं किती नाजूक असतात ते आपण शेजारीच पाहिलं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभराहून जास्त वर्षांची वास्तू एका रात्रीत गेली.

त्या रुमालाबद्दलही बोलायला हवं. मोडलेल्या हाताने मुलगा खेळला, तुम्ही सगळ्यांनी पाठ थोपटली. त्याची जिद्द मोठी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण विंगेत उभ्या असलेल्या बाकीच्या पोरापोरींनी त्यातून काय उचललं असेल? दुखलं तरी सांगायचं नाही, सांगितलं तर आपण कमी पडलो. नव्या नाटकातली मुलगी ‘एका पायावर तयार’ आहे ती याच शिकवणीतून. म्हणून तिच्या होकाराला मी फार वजन देत नाही. १९ व्या वर्षी, मुख्य भूमिका मिळालेली असताना, अण्णांच्या तोंडावर ‘मला भीती वाटते’ असं कोण म्हणेल? तिने ‘नाही’ म्हणावं आणि मग आपण थांबावं, अशी वाट बघणं म्हणजे आपली जबाबदारी तिच्या गळ्यात मारणं झालं.

मीही उमेदीच्या काळात बारा वर्षं विंगेत काढली आहेत. एका थिएटरमध्ये (नाव नको) दुपारी फोकस लावताना वरच्या बारवरून एक हजार वॅटचा पार (रंगमंचाचा मोठा दिवा) निखळला आणि माझ्या उजव्या खांद्यापासून हातभर अंतरावर आपटला. क्लॅम्पचा नट हाताने फिरवून सोडला होता, पान्याने आवळलाच नव्हता, आणि दिव्याला साखळीही नव्हती. काच पसरली. क्षणभर सगळे गप्प, मग कुणीतरी म्हणालं, ‘नटराजाची कृपा’, आणि झाडू आणला. मीच झाडलं. उरलेल्या बारवरचे नट एकदा तपासा, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. रात्रीचा प्रयोग रंगला. त्या दिव्यांखाली दोन तास वावरलेल्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात. त्यांना काही झालं नाही, पण मी गप्प राहिले ही गोष्ट तेवढ्याने पुसली जात नाही.

आता अण्णांशी बोलायचं कसं. तालमीत, सगळ्यांसमोर, अजिबात नको. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. तिथे अण्णांना पडतं घेता येणार नाही आणि तुम्हालाही माघार घेता येणार नाही. सकाळी त्यांच्या घरी जा, चहाच्या वेळेला. रिकाम्या हाताने जाऊ नका, गच्चीचा आराखडा काढून न्या. ‘अण्णा, हे धोक्याचं आहे’ असं म्हटलंत की त्यांना ‘हे करायला नको’ असं ऐकू येईल. त्याऐवजी ‘तुम्हाला जो झटका हवाय तो मी देतो, पण असा’ इथून सुरुवात करा.

झटका देता येतो. माणूस ७ फुटांवरून सुटला की पाऊण सेकंदाच्या आत खाली पोचतो, आणि टेकताना वेग असतो ताशी २३ किलोमीटरच्या आसपास. पाठमोरं पडताना डोकं आणि मान सावरायला तेवढ्यात वेळच मिळत नाही. कापसाच्या गाद्या इथे कामाच्या नाहीत. त्या दबून कडक झालेल्या असतात, दोन गाद्यांची जोडणी नेमकी पाठीखाली उघडते, आणि गुळगुळीत रंगमंचावर त्या सरकतात.

मग काय करायचं? प्रेक्षकाला तिचं पडणं दिसतं ते फक्त पहिल्या क्षणापुरतं, कठड्यावरून पाठ मागे झुकते तेवढंच. पुढे अंधार. म्हणजे तिला खरं पडायची गरज फक्त फूटभर आहे. गच्ची चार फुटांची करा. रंगमंच मुळातच प्रेक्षागृहाच्या जमिनीपेक्षा उंच असतो, पहिल्या रांगांतल्या माणसाला मान वर करूनच बघावं लागतं. कठडा दाखवा, खालून तिरपा उजेड टाका, शेजारी उंच खांब किंवा झाडाचा शेंडा ठेवा, चार फूट सहज दुमजली वाटतात. गच्चीमागे, प्रेक्षकांना न दिसणारी दुसरी लेव्हल लावा, गच्चीपेक्षा फूटभरच खाली. ती गच्चीच्या लेव्हलला नट-बोल्टने पक्की जोडलेली असू द्या, दोरीने बांधलेली नको. तिन्ही बाजूंना कंबरेएवढं रेलिंग, वर एकच अखंड जाड फोम, आणि तिला धरायला आधीपासून खाली बसलेला एक माणूस. तो माणूस जागेवर आहे याची खूण तिला हाताने मिळाली तरच तिने मागे जायचं; खूण मिळाली नाही तर काय करायचं तेही आधी बसवून ठेवा. तिने वळून धावत एक्झिट घेतली तरी नाटक बुडत नाही.

आणि पडण्याचा आवाज तुम्ही द्या. वाळूचं अर्धं भरलेलं पोतं विंगेतल्या लाकडी पाटावर हातभर उंचीवरून सोडून बघा. अण्णांना डोळे मिटून ऐकायला लावा. मला वाटतं, अंधारातला तो आवाज ऐकून थिएटर जेवढं गार पडेल तेवढं मुलगी खरोखर पडली तरी पडणार नाही. हे सगळं तालमीच्या हॉलमध्येच उभं करून दाखवता येईल, स्पर्धेच्या दिवसाची वाट पाहू नका. निम्म्या उंचीवर, पूर्ण उजेडात, सावकाश सुरुवात करा. अंधार सगळ्यात शेवटी.

तरीही अण्णा ‘सात म्हणजे सातच’ म्हणाले तर? संस्था सोडायची की गप्प बसायचं, असे दोनच रस्ते तुम्हाला दिसताहेत. संस्था सोडलीत तर गच्ची दुसरा कुणीतरी बांधेल, बहुधा तुमच्यापेक्षा कच्चा. तुम्हाला मोकळं वाटेल, मुलगी तेवढ्याच उंचीवर उभी असेल. गप्प बसलात तर दुसऱ्यांदा तुमच्याच हातून तेच घडायची शक्यता. मी तिसरा रस्ता सांगते: ‘अण्णा, बाकी सगळा सेट मी करतो, रात्र रात्र थांबतो, पण ही गच्ची मी बांधणार नाही आणि दुसऱ्या कुणी बांधली तर त्या मुलीच्या आईवडिलांना मी स्वतः जाऊन सांगीन.’ एवढंच, आवाज न चढवता. हे धमकीसारखं वाटेल, म्हणून फक्त तुम्ही खरंच करणार असाल तरच बोला. नंतर शब्द फिरवू नका. अण्णा काही दिवस रुसतील. ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांच्याबद्दलचा आदर अशा एका नकाराने संपत नाही, तुमचा नाही आणि त्यांचाही नाही.

थोडी इतर कामाची बाब, कारण हौशी मंडळींची पत्रं मला साताऱ्याहून, मिरजेहून, कऱ्हाडहूनही येतात आणि दुखणी तीच असतात.

आपल्याकडे रंगमंचावर चप्पल घालून जात नाहीत. ती श्रद्धा मलाही आहे. पण त्यामुळे सेट ठोकताना पोरं अनवाणी फिरतात आणि खिळे, चुका (बारीक खिळे) सगळीकडे पडलेल्या असतात. सेट लागेपर्यंत बूट घाला. सगळं उभं राहिलं, रंगमंच झाडून झाला की मग चपला-बूट बाहेर, नटराजपूजन आणि नारळ. झाडूतून सुटलेल्या चुका शोधायला जुन्या बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून रंगमंचावरून ओढत न्या. काय काय चिकटून येतं ते बघून तुम्हीच थक्क व्हाल.

विजेचा हिशेब लाइटवाल्यांवर पूर्ण सोडू नका. एक हजार वॅटचा दिवा २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअरहून थोडं जास्त ओढतो. १६ अँपिअरच्या एका पॉइंटवर असे तीन झाले की थांबायचं, चौथा लावला की वायर तापायला सुरुवात. ग्रीनरूममधली इस्त्री आणि चहाची किटली त्याच लाइनवर आहे का, हेही बघा. वायरला हात लावून ती गरम लागली तर तेवढा इशारा पुरे. ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का, हे थिएटर हातात आल्याबरोबर विचारा. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी साखळी किंवा तारेचा फास हवाच. याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. थर्मोकोलचे खांब आणि झालरी दिव्यांपासून लांब. थर्मोकोल पेटला की वितळून थेंब थेंब गळतो आणि त्याचा धूर नाकातोंडात जातो. आग वायरची असेल तर पाणी मारायचं नाही: आधी मेन बंद, मग पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. तो कुठे टांगलाय ते निदान दोघांना माहीत हवं. आणि फुकटे घुसतात म्हणून प्रेक्षागृहाच्या बाजूच्या दाराला कुणी कुलूप घातलं असेल तर तिसरी घंटा देऊ नका. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या.

ब्लॅकआऊटच्या वाटेवर, लेव्हलच्या कडेला, जिन्याच्या प्रत्येक पायरीला रेडियमची पट्टी. विंगेत प्रेक्षकांना न दिसणारा निळा बल्ब. सेटमध्ये एक इंच जरी बदल झाला तरी नटांनी त्या दिवशी ती वाट आधी उजेडात आणि मग अंधारात चालायची, पाचच मिनिटं लागतात. फ्लॅटच्या (सेटच्या उभ्या भिंतींच्या) टेक्यांवर वाळूची पोती ठेवा. विटा नकोत, अंधारात त्यांनाच ठेच लागते.

कुणी पडलंच तर उठवून बसवायची घाई करू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर आहे तसंच ठेवा, पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली. हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद.

तुम्ही पतसंस्थेत आहात, तेव्हा एक काम तुम्हाला सहज जमेल. १८ ते ७० वयाच्या सगळ्या सभासदांना बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत घाला. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण. दवाखान्याचं बिल त्यातून मिळत नाही, म्हणून संस्थेच्या प्रत्येक प्रयोगाच्या जमाखर्चात थोडी रक्कम औषधपाण्याच्या नावाने वेगळी काढा, पडदेभाड्यासारखीच. वडापावाचा खर्च लिहितो तसा हाही लिहायचा.

हे सगळं मी सांगितलं, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ माझ्या मते गच्चीची नाहीच. ‘गाडीवरून घसरला’ ही आहे. कशासाठी सांगितलं? संस्थेची बदनामी होऊ नये म्हणून, आणि आईने त्याला पुन्हा नाटकात पाठवावं म्हणून. पण विचार करा, सांगलीसारख्या गावात आईबाप पोरांना, विशेषतः मुलींना, रात्री अकरापर्यंत तालमीला सोडतात ते कशाच्या भरवशावर? ‘अण्णा आहेत, दादा आहेत, घरी सोडतील’ एवढ्याच. ते खोटं एक दिवस त्या आईला कळणार, मित्रांच्या तोंडून नाहीतर एखाद्या फोटोवरून. तेव्हा तिला मनगटापेक्षा हे जास्त लागेल की सगळ्यांना माहीत होतं आणि मला सांगितलं नाही. त्या मुलालाही घरात रोज ते खोटं सांभाळावं लागतंय.

म्हणून अण्णांकडे जाण्याआधी तिच्याकडे जा. आधी मुलाशी बोला, त्याला विश्वासात घ्या, मग दोघं मिळून तिच्यासमोर बसा. ‘काकू, तो गाडीवरून पडला नव्हता. आमच्या नाटकात पडला. जिना मी हलवला होता आणि त्याला सांगितलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.’ त्या रागावतील, कदाचित त्याचं नाटक बंद करतील. करू द्या, तो त्यांचा हक्क आहे. प्लास्टरचा आणि औषधांचा खर्च कुणी केला ते विचारा, आणि संस्थेने केला नसेल तर तो देण्याबद्दल बोला. जमलं तर अण्णांना पुढच्या खेपेला सोबत न्या. त्या घरातून बाहेर पडताना ७ फुटांच्या गच्चीबद्दल अण्णांशी वेगळं बोलायची कदाचित गरजही उरणार नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. मोडलेलं मनगट उजवं होतं की डावं, हे तुमच्या पत्रात नाही. ते नीट जुळलंय का, त्याला पेन धरता येतं का, थंडीत ठणकतं का, तेही नाही. जाल तेव्हा हे त्याला आधी विचारा.